नवऱ्याची सही

विवाह नोंदणीच्या रांगेत माझ्यापुढं बहीण-भाऊ उभे होते. भाऊ फॉर्म भरत होता.

“ताई, इथं ‘घटस्फोटित’ लिहू ना?”

“लिही की. कोर्टाचा कागद आहे ना हातात?”

“तो इथला. तिच्या देशात घटस्फोटच नाही.”

“म्हणजे रे?”

“म्हणजे मी इथं मोकळा. ती तिकडं अजून माझी बायकोच.”

“मग तिनं दुसरं लग्न करायचं म्हटलं तर?”

“नाही करता येणार.”

“तुला माहीत होतं हे?”

“वकिलानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“आणि तू आम्हाला आज सांगतोयस.”

“परवा तिचा फोन आला होता. ऑपरेशन आहे. तिकडं नवऱ्याची सही लागते. कागद पाठवलाय तिनं.”

“केलीस सही?”

“वकील म्हणाला, आता नवरा म्हणून सही करू नकोस, उगाच हे लग्न अडकेल.”

“मी वकिलाचं नाही विचारलं.”

“नाही केली.”

“काढ तो कागद.”

“घरी राहिला, ताई.”

“खिशात आहे. सकाळपासून सारखा चाचपतोयस.”

“अगं, आपला नंबर आलाय.”

“काका, तुम्ही व्हा पुढं. आम्हाला वेळ लागेल.”