ओपलचं पान

कुणीतरी माझी वही वाचलीय. — मी तुमचं नाव घेतलं का? बसा की. कॉफी गार होतेय तुमची. मी फक्त म्हणतोय की बाथरूमला गेलो तेव्हा वही इथं होती, या काउंटरवर, माझ्या बशीशेजारी, आणि तिच्या रबराला तीन वेढे होते. मी तीनच देतो. आल्यावर बघतो तर दोन! आता रबर काय आपलं आपण सुटतं? नाही सुटत. आणि या काउंटरवर होतं कोण? तुम्ही. आणि ती मार्व्हा, पण ती कॉफी ओतण्यात गुंग. — काय म्हणता? एक बाई बसली होती? म्हातारी? अहो, मंगळवारी सकाळी या कॅसिनोत म्हाताऱ्यांशिवाय असतं कोण! विषय बदलू नका. तुमचे बूट नवे आहेत. वेगासला फिरायला आलेला माणूस झगमगाट सोडून इथं, बोल्डर हायवेवर, पाच डॉलरच्या टेबलाशी कशाला तडमडेल? वरच्या कॅमेऱ्यांवर नोकरीला नाही ना तुम्ही? विचारून ठेवलेलं बरं.

नाही? बरं. तुम्हाला खेळ तरी येतो का? येत नाही. मग वाचूनही काही कळलं नसेल — का नाटक करताय? सांगतो. फासे टाकणारा आधी एक आकडा ठरवतो, म्हणजे फासेच ठरवतात, समजा आठ. मग पुन्हा आठ येईपर्यंत टाकत राहायचं. आठ आला की रेघेवर, म्हणजे टाकणाऱ्याच्या बाजूनं, पैसे लावलेले सगळे जिंकले, टेबल नुसतं दणाणतं. पण आठाच्या आधी तो दुसरा आकडा आला की खलास, सगळे गेले. कुठला म्हणजे? सहाच्या पुढचा. आम्ही त्याचं नाव घेत नाही, इथं, कॉफी पितानासुद्धा नाही, तुम्हीही घेऊ नका, कृपा करा.

माझी पद्धत साधी. रेघेवर कमीत कमी लावायचं. आकडा ठरला की त्याच्या मागे दुप्पट, कारण त्या मागच्या पैजेवर कॅसिनोला एक छदाम सुटत नाही — अख्ख्या इमारतीत तेवढी एकच पैज इमानदार. टेबलाच्या मधोमध फाशांची रंगीत चित्रं आहेत ना, एकाचे तीस देऊ, एकाचे पंधरा देऊ, तिकडे बघायचंसुद्धा नाही, तो उंदराचा सापळा. शंभर घेऊन यायचं, चाळीस गेले की कोट चढवायचा. आणि लिहायचं. कुणी टाकलं, किती फेकी टिकला, कशावर गेला, सगळं. मी एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले, साहेब. मीटर वाचणारा मनातलं लिहीत नाही, काट्यावर दिसेल ते लिहितो. इथली पोरं हसतात मला — वेंडेल, म्हणे, फाशांना आठवण नसते. नसेना का. वहीला असते.

आता तुम्ही म्हणाल, मग कुणी वाचली तर एवढं काय? आहे. एका पानाचं आहे. — ओपल माझी बायको. एकेचाळीस वर्षं झाली. ती बघा, तिकडे, निळा स्वेटर, टेबल उघडायची वाट बघत उभी आहे, अकराला उघडतं पण ती सव्वादहापासून उभी असते. काय फासे टाकायची! सत्तेचाळीस मिनिटं टाकले होते एकदा, अनोळखी माणसांनी येऊन तिच्या हाताचे मुके घेतले. मग मार्चमध्ये हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. चर्चमध्ये गाणं सोडलं तिनं, कारण कागद हलतो. मुलीकडे जाणं सोडलं, कारण कप हलतो. पण इथं — इथं हलणारा हातच लागतो! इथं तिनं फासे उचलले की चौदा माणसं ओरडतात, चल ओपल, दाखव ओपल. आठवड्यातला तेवढाच एक तास उरलाय तिला. कळतंय ना?

आणि काटा काय म्हणतो? चार फेकी. तीन. सहा. दोन. मार्चपासून एकदाही आकडा जुळवला नाही तिनं. मग मी काय करायचं? जे दिसतंय ते दिसतंय. एमेट म्हणून एक आहे, तो कायम विरुद्धच्या रेघेवर लावतो, म्हणजे टाकणारा मेला की हा जिंकला. त्याच्याशेजारी कुणी कोपरसुद्धा टेकत नाही. तर मी — हे बघा, तिच्या बाजूनं मी लावतोच, पाच, सगळ्यांदेखत, टाळ्यासुद्धा वाजवतो — फक्त बाहेर गाडीपाशी एमेटच्या हातावर पंधरा ठेवतो. तो माझ्या वतीनं विरुद्ध लावतो. बस्स. ते वहीत आहे. पानाच्या वरती लिहिलंय, ओपल, विरुद्ध लावणे. मला वाटतं एमेटच फुटला असणार. नाहीतर त्यानंच रबर सोडलं, माझा हिशोब ताडून बघायला. कारण हा कागद तिच्या हाती लागला ना, तर ती पुन्हा पाऊल टाकायची नाही इथं.

पैशांसाठी नाही हो! असं काय बघताय? सहाशे पंधरा डॉलर, तसेच्या तसे डब्यात आहेत, शिवलोसुद्धा नाही. सुरुवातीला वाटलं, ती हरेल तेव्हा निदान घरात काहीतरी येईल, एवढंच. पण मग सवय लागते. ती फासे उचलते, हात असा असा हलतो, सगळे तिच्यासाठी ओरडतात आणि मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून मनात म्हणतो — सात. ये, सात. सात ये.

मोठ्यानं बोललो का मी?

तुम्हाला खोटं वाटतंय. थांबा, पान दाखवतो, एवढं कळलंच आहे तुम्हाला तर… हे बघा. चौदा मे, चार फेकी — हे काय? हे कुणी खोडलं? चारचा पाच केलाय! पेन्सिलीनं. बघा बघा, हा पुरावा! आणि आकडा कसा काढलाय, बसमध्ये बसून काढल्यासारखा. आणि चूक आहे, साफ चूक, चारच होत्या, मला लख्ख आठवतं, एक फेक होती पण त्यातला फासा उडून टेबलाखाली गेला, ती नियमानं धरतच नाहीत. एमेटसुद्धा धरणार नाही. तसली फेक कोण मोजेल? ती मोजेल फक्त ज्यानं ती टा…

तुम्ही मघाशी काय म्हणालात? ती बाई. तिच्या अंगात काय होतं? स्वेटर?

नाही. नका सांगू. गप्प बसा जरा. उठा तुम्ही, जा, जा तिकडे कुठं तरी — अगं मार्व्हा, मला नको आता कॉफी.

"कॉफी नाही आणली, वेंडेल. ओपल विचारतेय, आज तिच्या बाजूनं आहात की विरुद्ध? म्हणजे तसे फासे टाकते म्हणाली."