पाय कोणाचा

मी रेवदंड्याची, आम्ही यहुदी, शनवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली म्हणायचे आम्हाला. लग्न होऊन मुंबईला आले तेव्हा आमचे हे ब्रह्मदेशच्या लढाईवरून नुकतेच आलेले, इंग्रजांच्या पलटणीत होते, मांडीत बाँबचा तुकडा तसाच राहिलेला, पण चालायला एकदम खणखणीत.

मग आलो यहुद्यांच्या नव्या देशात, इथे येरुहाम गावाला, हे कारखान्यात लागले. बासष्ट साली मिलुइमला गेले, म्हणजे वर्षातून थोडे दिवस लष्करात बोलावतात ना, तिथे ट्रकवरून पडले आणि त्याच पायाचा गुडघा फुटला. ऑपरेशन नाही झालं तर पाय आखडेल म्हणाला डॉक्टर. लष्कराच्या कामात जखमी झालेल्याचा इलाज लष्कर करतं, म्हणून गेलो बीरशेबा शहराला, लष्कराच्या कमिटीपुढे. आणि काय सांगू तुम्हाला, कमिटी म्हणजे साहेबलोक, म्हणून ह्यांनी कोट घातला आणि छातीवर इंग्रजांची मेडलं लावली. मी म्हटलं अहो कशाला, तर म्हणे शिपायाला शिपाई ओळखतो. ओळखलंच. ही मेडलं कुठली, जखम कुठे झाली विचारलं, ह्यांनी सलाम ठोकून सगळा ब्रह्मदेश सांगितला. झालं. म्हणाले पाय आधीचाच अधू, इंग्रजांकडे मागा.

मला असा राग आला. तिकडे रब्बीलोक, म्हणजे इथले धर्मगुरू, आमच्या लग्नांत खोट काढत होते, तुम्ही पुरे यहुदी का म्हणून, आणि इकडे हे, पुरा शिपाई का म्हणून. लष्करात घेताना बरा पुरा होता. मी म्हटलं, मी सोडणार नाही.

शेजारचा मासूद, मोरोक्कोवाला, आमच्याशी धड बोलायचा नाही. पण सिम्हात तोराच्या सणाला सेफेर, म्हणजे धर्मग्रंथाची जड गुंडाळी, खांद्यावर घेऊन देवळात नाचत फेरे धरतात ना, त्यात ट्रकवरून पडायच्या आदल्या वर्षी हे त्याच्या मागेच होते. मी गेले त्याच्या दारात, म्हटलं पाहिलंस तेवढंच सांग. तो कामाची पाळी बुडवून आमच्याबरोबर बसने परत कमिटीपुढे आला. ह्या खेपेला मेडलं मी घरी कुलपात ठेवली होती. मासूद कमिटीला म्हणाला, सेफेर घेऊन नाचताना दमून आधी मी बसलो, हा नाही बसला. तेव्हा कुठे म्हणाले, बरं, गुडघा आमचा, मांडीतला तुकडा इंग्रजांचा. म्हटलं चालेल.

ऑपरेशन झालं. आमचा पैगंबर एलियाहू हन्नाबी, त्याला मी मालिद्याचा, म्हणजे गूळ-खोबऱ्याच्या पोह्यांचा, नवस बोलले होते, बहिणीने मुंबईहून पोहे धाडले, मासूदच्या घरी पहिलं ताट दिलं. आता हे काठी घेऊन चालतात, पण चालतात. यंदा सिम्हात तोराला ह्यांनी सेफेर मागितला, मी नको नको म्हणते, तर मासूदने ह्यांची काठी स्वतः धरली आणि सेफेर खांद्यावर दिला. एकच फेरा झाला.

थंडीत मांडी ठणकते, मग हे म्हणतात इंग्रज बोलायला लागला, आणि मी तेल गरम करते. तो भाग सांभाळायला इंग्रज काही येत नाही, म्हणून माझा. देव सगळ्यांचे हातपाय शाबूत ठेवो.