तळ्याखालचा ओढा

(नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातली एक खासगी जागा. गेल्या सप्टेंबरच्या वादळात मधोमध तडकलेला मातीचा बांध, त्यामागे गढूळ तळं, काठावर तीन खुर्च्या. नेत्रा गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत उभी आहे. या घरचं काही घ्यायचं नाही, हे तिनं गाडीतून उतरायच्या आधीच ठरवलं होतं.)

शुभा : चहा नको, पाणी नको, खुर्चीसुद्धा नको. मग आलीस कशाला, नेत्रा?

नेत्रा : नाही म्हणायला, काकू.

शुभा : ते फोनवर म्हणता आलं असतं.

नेत्रा : आलं असतं. पण ‘नाही’ ऐकताना काकांचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. आणि तुमचंही.

शुभा : ते गावात गेलेत दूध आणायला. येतील एवढ्यात. तोवर माझं बघून घे.

नेत्रा : तुम्हाला कल्पना नसेल, पण फंडिंगसाठीचं तुमचं ॲप्लिकेशन माझ्या टेबलावर आलं. आमच्या पार्टनरशिपमध्ये राज्याचे लोक आहेत, जमिनी राखणारा लँड ट्रस्ट आहे, ट्राउट मासे पकडणाऱ्यांचा क्लब आहे, फंडिंग एका फाउंडेशनचं आहे. पण कुठला ओढा आधी दुरुस्त करायचा हे मी ठरवते.

शुभा : कल्पना होती.

नेत्रा : होती?

शुभा : वेबसाइटवर तुझा फोटो बघितला. केस कापलेस. मग पोरीला फोनवर घेऊन बसले आणि सगळं भरून पाठवलं.

नेत्रा : कमाल आहे. सहा वर्षांपूर्वी मला या देशातून हाकललंत, आणि आता माझ्याच दारात?

शुभा : मी हाकललं?

नेत्रा : काकू, प्लीज. मॉरिसव्हिलला तुमच्याकडे वरच्या खोलीत राहत होते मी. तुमच्या हातची आमटी खाऊन कामावर जायचे. या फाटकाची किल्ली तुम्ही मला दिली होतीत, पाण्याचं टेंपरेचर मोजायला. आणि तुम्हीच माझ्या बॉसला ईमेल केलीत, की ही मुलगी परवानगी न घेता आमच्या जागेत घुसते, आकडे खोटे लिहिते. तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवरून. कॅरलनं मला समोर बसवून वाचून दाखवली.

शुभा : काय काय होतं त्यात?

नेत्रा : तुम्हालाच माहीत.

शुभा : नाही माहीत. म्हणून विचारतेय.

नेत्रा : ‘आम्ही तिला मुलीसारखी वागवली, तिनं आमचा विश्वासघात केला.’ हे शेवटचं वाक्य. नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसा गेला. दोन बॅगा घेऊन कोल्हापूरला उतरले. बाबा चार लोकांत सांगायचे, प्रोजेक्ट संपला म्हणून आली. घरात माझ्याकडे बघायचे नाहीत. त्यांना वाटायचं, काहीतरी केलं असणार हिनं. गेले तेव्हाही तसंच वाटत होतं त्यांना.

शुभा : मला इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या तरी मी अबोलीला फोन करते. माझ्या पोरीला विचार. ‘विश्वासघात’ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आजही येत नाही.

नेत्रा : म्हणजे?

शुभा : म्हणजे काय ते तुला कळलंय.

नेत्रा : काकांनी?

शुभा : माझी ईमेल कोणी उघडून दिली होती? पासवर्ड कोणाकडे असतात आमच्या घरात? मला तर सांगितलं, नेत्राला टेक्सासला मोठी नोकरी लागली, घाईत गेली, तुला भेटायला वेळ नव्हता. मी आपली वाट बघत बसले तुझ्या फोनची. मनात म्हटलं, एवढी कशी विसरली पोरगी.

नेत्रा : आणि हे तुम्हाला कळलं कधी?

शुभा : या मार्चमध्ये. वादळानंतर काउंटीनं सगळ्या जागामालकांची मीटिंग घेतली, तिथे तुझी ती कॅरल आली होती. मी हात पुढे केला, तर तिनं धरला नाही. म्हणाली, तुमच्या तक्रारीवरून मी माझी सगळ्यात चांगली मुलगी घालवली. भर हॉलमध्ये.

नेत्रा : काकू, मी सहा वर्षं तुम्हाला शिव्या दिल्यात. काकांपेक्षा जास्त. ते तसेच आहेत, म्हणायचे मी. पण तुम्ही?

शुभा : दिल्यास तर दिल्यास. आता योग्य पत्त्यावर दे.

नेत्रा : तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?

शुभा : नाही. विचारलं असतं तर रडले असते, पाया पडले असते, चार दिवसांनी सगळं पहिल्यासारखं. चाळीस वर्षं तेच बघतेय. मला यावेळी ते नको होतं. मी ॲप्लिकेशन भरलं.

नेत्रा : पण मी तर नाही म्हणायला आलेय. काउंटीची नोटीस आहे, बांध धोक्याचा आहे. फंडिंग मिळालं नाही की काका अडकले. एवढंच डोक्यात होतं माझ्या.

शुभा : अडकणार नाहीत. बांध दुरुस्त करा नाहीतर काढा, असं आहे नोटिशीत. तू नाही म्हणालीस की हे मराठी मंडळातल्या राजीव देशमुखचा कॉन्ट्रॅक्टर आणतील, बांध पहिल्यापेक्षा उंच बांधतील, पुन्हा पायडल बोटी, पुन्हा मंडळाच्या पिकनिका. तुझं नाही म्हणणं त्यांच्या पथ्यावर पडेल. हो म्हण.

नेत्रा : हो म्हटलं तर बांध राहत नाही, काकू. आमचे पैसे दुरुस्तीला नसतात. पूर्ण काढतो आम्ही. तळं संपलं. आणि पुढे ओढ्याच्या दोन्ही काठांवर कायमचा करार होतो, कोणालाही काहीही बांधता येत नाही. तुम्हाला नाही, अबोलीला नाही, पुढे जो विकत घेईल त्यालाही नाही.

शुभा : सगळं वाचलंय. डिक्शनरी घेऊन वाचलंय.

नेत्रा : काकांना माहितेय?

शुभा : त्यांना वाटतंय सरकार बांध दुरुस्त करून देणार. मी तसं म्हटलं नव्हतं. त्यांनी ऐकलं तसं. गाडी आली बघ. आता तरी बस.

नेत्रा : बसते.

मनोहर : कोण आलंय, शुभा? अरे! नेत्रा! काय योगायोग! बारीक झालीस गं. तू इकडे कशी?

नेत्रा : पीएचडीसाठी परत आले इकडे, आता ट्राउटच्या प्रोजेक्टवर आहे, काका. तुमचा बांध बघायला आले.

मनोहर : म्हणजे आपल्याच घरचं माणूस! मी कालच शुभाला म्हटलं, अगं, यांच्याकडे फंडिंग भरपूर पडून असतं, फक्त ॲप्रोच नीट पाहिजे. हे बघ, लेट्स बी प्रॅक्टिकल. मधे क्रॅक गेलाय तिथे काँक्रीट, बाजूला जादा पाणी जायला एक छान स्पिलवे. तुमच्या माशांसाठी कोपऱ्यात हवं तर एक जिना करा. फिश लॅडर म्हणतात ना? माझं ऑब्जेक्शन नाही.

नेत्रा : सहा वर्षांपूर्वी होतं.

मनोहर : कसलं?

नेत्रा : ऑब्जेक्शन. मी सांगितलं होतं, उथळ तळं दिवसभर उन्हात तापतं, वरचं तापलेलं पाणी बांधावरून खाली पडतं. आपल्याला जे कोमट लागतं त्यात ब्रुक ट्राउट गुदमरून मरतो. हा बाहेरून आणून सोडलेला मासा नाही, इथलाच, या डोंगरातला. ऑगस्टमध्ये बांधाखालच्या डोहात पोटं वर करून तरंगत होते. मी तुम्हाला हाताला धरून दाखवायला नेलं. तुम्ही म्हणालात, नाकाला रुमाल लाव.

मनोहर : त्या वेळी सगळ्यांनीच जरा ओव्हररिॲक्ट केलं. जाऊ दे आता. झालं गेलं.

शुभा : काय झालं होतं हो?

मनोहर : अगं, असंच. ऑफिसचं काहीतरी मिसअंडरस्टँडिंग.

शुभा : कोणाच्या ईमेलवरून?

मनोहर : शुभा, पाहुण्यांसमोर नको.

शुभा : पाहुणी नाही, घरचं माणूस. आत्ताच म्हणालात.

मनोहर : हे बघ, नेत्रा. मी तेव्हा मंडळाचा अध्यक्ष होतो. तळ्याच्या उद्घाटनाला दोनशे माणसं बोलावली होती. आणि तू तुझ्या रिपोर्टात लिहिणार होतीस की आमच्यामुळे मासे मेले. माझ्या जागी तू असतीस तर?

नेत्रा : तुमच्या जागी मी असते तर माझं नाव घातलं असतं. बायकोचं नाही.

मनोहर : तुझं भलं झालंच ना शेवटी? पीएचडी झालीस, पोझिशन मिळाली.

नेत्रा : काका, माझ्या बाबांना तुम्ही ओळखत होतात. एअरपोर्टवर तुम्हाला मिठी मारून म्हणाले होते, पोरीला तुमच्या ओटीत घालतोय. त्यांना एक फोन करून तुम्ही सांगू शकला असतात. तेवढंही नाही केलंत. आता कोणाला करणार?

मनोहर : सॉरी. झालं? आय ॲम सॉरी. हात जोडू?

नेत्रा : नको. फोन काढा. कॅरलला लावा. नंबर मी देते.

मनोहर : आत्ता? काय सांगू तिला?

नेत्रा : की ईमेल तुम्ही लिहिलीत. फाटकाची किल्ली काकूंनी दिली होती. माझे आकडे खरे होते. तीन वाक्यं.

मनोहर : आणि नाही लावला तर? फंडिंग देणार नाहीस? हे ब्लॅकमेल आहे, नेत्रा. तुझ्या वरिष्ठांकडे कम्प्लेंट करता येते मला.

नेत्रा : करा. यावेळी निदान स्वतःच्या नावानं करा. आणि तुमच्या ‘सॉरी’वर फंडिंग अवलंबून नाही. हा ओढा मी आमच्या यादीत पहिला घालतेय. सगळा बांध निघणार आहे.

मनोहर : निघणार म्हणजे?

नेत्रा : जूनमध्ये मशीन येईल. तळं हळूहळू रिकामं करायचं, गाळ उपसायचा, मूळचा ओढा वळणावळणानं जिथून जात होता तिथून परत सोडायचा. काठाला झाडं, सावलीसाठी. तुमच्या खुर्च्या आहेत तिथे.

मनोहर : माझ्या जागेत? मी सही करणार नाही!

शुभा : तुमची सही लागत नाही.

मनोहर : काय?

शुभा : माझ्या आईनं सांगलीचं घर मला दिलं, ते विकून ही जागा घेतली. कागदावर मी एकटी आहे. तुम्हीच म्हणाला होतात, टॅक्सला बरं पडेल. बांध काढायच्या संमतीवर मी कालच सही केली.

मनोहर : शुभा! चाळीस वर्षांचा संसार आणि मला न विचारता?

शुभा : हो. तुमच्याकडूनच शिकले.

मनोहर : लोकांना काय सांगू मी? राजीव, प्रतिमा, सगळ्यांना जुलैचं आमंत्रण देऊन बसलोय.

शुभा : सांगा, बायकोनं तळं फोडलं. आणि का फोडलं तेही सांगा. नाहीतर जुलैत ते येतील तेव्हा मी सांगते. मला सगळं मराठीतून छान सांगता येतं.

मनोहर : तू हे करणार नाहीस.

शुभा : कॅरलचा नंबर दे गं यांना.

नेत्रा : स्पीकरवर ठेवा, काका.

मनोहर : हॅलो, कॅरल? मी मनोहर... हो, तोच, तळंवाला. नेत्राबद्दल एक... त्या वेळी जरा मिसअंडरस्टँडिंग झालं होतं...

नेत्रा : नाही. पुन्हा. खोटं बोललो म्हणा.

मनोहर : ...मी खोटं बोललो, कॅरल. ईमेल मी लिहिली होती. शुभाला माहीत नव्हतं. किल्ली तिनंच दिली होती... हो. आकडेही खरे होते. सगळे... हो, ती समोरच आहे... ठीक आहे. ठेवतो.

शुभा : शेवटी काय म्हणाली?

मनोहर : ऐकलंस ना. म्हणाली, सहा वर्षं उशीर झाला. झालं तुमच्या दोघींचं समाधान?

नेत्रा : मला वाटलं होतं, होईल. वर्षानुवर्षं मनात हाच फोन लावत होते मी. तुमचा आवाज असाच कापायचा त्यात.

मनोहर : मग?

नेत्रा : मग काही नाही. बाबा नाहीत ऐकायला.

शुभा : रड गं. यांच्यासमोर नको वाटत असेल तर माझ्याकडे तोंड कर.

नेत्रा : नाही रडत, काकू. मला पुन्हा वर जायचंय. सकाळी तुमच्या शेजाऱ्यांच्या जागेतून चढून तळ्याच्या वरचा ओढा बघून आले. दगडाखाली ट्राउट आहेत थोडे. तळ्यातलं तापलेलं पाणी खाली वाहतं ना, त्यामुळे वरच्यांना त्याची झळच लागली नाही. पण बांध मधे असल्यामुळे खालून कोणी वर चढलं नाही, आणि बांधाखाली उतरले ते मेले. आपल्यातच अंडी घालत टिकून राहिलेत. बोटाएवढे, अंगावर लाल ठिपके.

शुभा : म्हणजे सगळे नव्हते मेले?

नेत्रा : नव्हते. मोकळी वाट मिळाली की उतरतील ते हळूहळू. पाणी गार झालं की राहतील खालीच.

मनोहर : किती दिवस लागतील?

नेत्रा : दिवस नाही, काका. वर्षं. तुम्ही बिघडवायला एक उन्हाळा घेतलात.

शुभा : नेत्रा, चहा टाकू?

नेत्रा : टाका. आलं घाला थोडं.

मनोहर : मलाही अर्धा कप, शुभा.

शुभा : दूध तुम्हीच आणलंय. उठा, करा. आम्ही दोघी बसलोय.

मनोहर : ...नेत्रा, ते मासे खाली आले, की मला दाखवशील? एकदा बघायचे आहेत. खरंच.

नेत्रा : जागा काकूंची आहे. त्यांना विचारा.