पुल्माद आहे, ये!

...आणि बोटीत गाडी चढवणं म्हणजे काय पोरखेळ वाटला का तुम्हाला? शनिवारी सकाळी साडेसहाला हेलसिंकीच्या बंदरावर आम्ही रांगेत उभे, आमच्या पुढे ट्रक, मागे ट्रक, दोन्ही बाजूंना ट्रक, आणि मधे आमची एवढीशी गाडी! सिर्पा, म्हणजे आमची बायको, म्हणते, ‘अरे तौनो, ही रांग ट्रकवाल्यांची दिसतेय. त्या बंदरावरच्या जाकिटवाल्याला विचार की.’ मी म्हटलं, विचारायचं कशाला? रांग म्हणजे रांग! शेवटी तो जाकिटवालाच आला, काचेवर टकटक करून म्हणतो, ‘आजोबा, ही ट्रकची रांग.’ मी म्हटलं, ‘मला माहीत आहे.’ काय करणार? काहीतरी म्हणायला हवंच ना!

आणि मी काय हौसेनं निघालो होतो का हो? गुरुवारी संध्याकाळी फोन आला. समुद्रापलीकडून, एस्टोनियातून. काल्यूचा. हा काल्यू कोण? तर माझी बहीण इर्मेली सहासष्टाव्या वर्षी ज्या शेतकऱ्याच्या घरी राहायला गेली, तो. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. कसं पाहणार? इर्मेलीशीच चार वर्षं बोलत नव्हतो मी! का? तुम्हीच न्याय करा. वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला तळ्याकाठचा सॉना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, त्यातली लाकडावरची भट्टी, आणि या बाईनं ती भट्टी काढून तिथं विजेची बसवली! विजेची! बटण दाबायचं! वर मला म्हणते, ‘लाकडं फोडायला तू येतोस का रोज?’ बास. मी गाडीत बसलो, घरी आलो, चार वर्षं अवाक्षर नाही.

तर काल्यूचा फोन. त्यांची भाषा आणि आमची फिनिश म्हणजे सख्ख्या मावसबहिणी. अर्धं आपोआप कळतं, उरलेलं आपण कळलंय असं म्हणायचं. तो ओरडतोय, ‘तौनो! इर्मेली! शनिवारी! पुल्माद! मोठं पुल्माद! ये!’ आणि फोन ठेवला. आता पुल्मा म्हणजे काय हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. पुल्मा म्हणजे अडचण, संकट, लफडं! आयुष्यात कधी कुणाकडे मदत न मागणारी बाई, ती दुसऱ्याकरवी निरोप धाडते, म्हणजे प्रकरण किती हाताबाहेर गेलं असेल? सिर्पा म्हणते, ‘उलटा फोन करून विचार ना, काय झालंय?’ मी म्हटलं, विचारायचं कशाला? अडचण म्हणजे एक तर पाणी शिरलं असेल, नाहीतर छप्पर बसलं असेल!

मग काय, भरली गाडी. पाण्याचा पंप, दोरखंड, झाडं कापायची करवत, ताडपत्री, राय धान्याच्या भाकऱ्या दहा, कॉफीची पाकिटं सहा. संकटात माणसाला कॉफी आधी लागते. अंगात कामाचा डगला, पायात गुडघाभर रबरी बूट. आणि सिर्पा? निळा रेशमी झगा घालून हजर! म्हटलं, ‘चिखलात जायचंय, बाई!’ म्हणाली, ‘असू दे. चार वर्षांनी भेटणार आहे नणंदेला.’

बरं, बोटीत शिरलो. तिथं गाड्या अशा खेटून लावतात की माझं दार बोटभरच उघडलं! मग सिर्पाच्या बाजूनं उतरायचं. गिअरचा दांडा, तिचा तो झगा, माझे ते बूट... सत्तरी गाठलेल्या माणसानं काय काय करायचं? जिन्यापाशी सिर्पा म्हणाली, ‘कुठला मजला, ते विचारून ठेवूया का?’ विचारायचं कशाला? आपली गाडी आपल्याला ओळखू येणार नाही?

वर जाऊन कॉफी घेतली, खिडकीपाशी बसलो. सकाळचे आठ, आणि एक बाई माईक धरून विरहगीत म्हणतेय! आणि तेवढ्यात... मी अजूनही विसरलो नाहीये... एक अनोळखी माणूस चक्क आमच्या टेबलावर येऊन बसला! पलीकडे तीन टेबलं रिकामी असताना! हेलसिंकीत रंगकाम करून सुट्टीला घरी निघालेला एस्टोनियन. म्हणतो, ‘कुठे निघालात?’ आता आला आहेच तर म्हटलं त्याच्याच भाषेत सांगावं. चेहरा पाडून म्हटलं, ‘बहिणीकडे. पुल्माद आहे.’

तर तो माणूस उठला, माझ्या पाठीत गुद्दा घातला आणि म्हणतो, ‘वा वा! अभिनंदन!’

अभिनंदन? लोकाच्या घरात पाणी शिरलंय आणि हा अभिनंदन करतोय! वर म्हणतो, ‘आमच्या गावाकडे तीन दिवस चालतं हं! पहिल्याच रात्री झोपू नका. आणि रडू आलं तर खुशाल रडा, सगळेच रडतात.’ तीन दिवस पाणी ओसरत नाही? सिर्पानं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग हळूच म्हणाली, ‘तौनो, यालाच विचार ना, पुल्माद म्हणजे नक्की काय ते.’ मी म्हटलं, विचारायचं कशाला! भाषा मला येते!

तालिन आलं, एस्टोनियाचं बंदर. खाली उतरलो तर गाडी नाही! तिसऱ्या मजल्यावर नाही, पाचव्यावर नाही... सापडली तेव्हा आमच्या मागे चाळीस गाड्या अडकलेल्या. आमचे लोक हॉर्न वाजवत नाहीत हो. नुसतं बघतात. हॉर्न परवडला!

पुढे तासभर गाडी अशी हाकली की सिर्पा दाराची कडी धरून बसली. डोक्यात एकच, की आपण उशिरा पोचलो तर? चार वर्षं एका भट्टीपायी तोंड फिरवून बसलो, आणि तिला काही झालं तर? शेताच्या फाटकात गाडी आडवी घातली, पंप उचलला आणि ओरडत धावलो, ‘पाणी कुठे शिरलंय? मुख्य नळ बंद करा!’

ॲकॉर्डियन थांबलं.

समोर लांबच लांब टेबल. पांढरी चादर. चाळीसेक माणसं, हातात पेले. आणि टेबलाच्या टोकाला आमची इर्मेली, डोक्यावर रानफुलांचा मुकुट! शेजारचा दांडगा पांढऱ्या मिशांचा माणूस धावत आला, मला पंपासकट मिठी मारली आणि गरजला, ‘पुल्माद!’

लग्न. त्यांच्या भाषेत पुल्माद म्हणजे लग्न! एवढे दोन देश, एवढा समुद्र, आणि त्यांना लग्नाला दुसरा शब्द मिळाला नाही? बरं, फार चुकलेत असंही नाही म्हणा...

इर्मेली उठून आली. जवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘काल्यूनं मला न सांगता फोन केला होय! मी म्हटलं असतं, करू नकोस, तो येणार नाही. तौनो, तू माझ्या लग्नाला आलास?’ आणि रडायलाच लागली. खरं सांगू? लग्न आहे असं कळलं असतं तर मी गेलोच नसतो. कार्ड पाठवलं असतं, तेही सिर्पानं. पण बहीण अडचणीत म्हटल्यावर... हातातला पंप खाली ठेवला. मी म्हटलं, ‘आलो की. म्हणजे काय? बहिणीच्या लग्नाला यायला नको?’ ती माझ्या बुटांकडे बघून म्हणाली, ‘आणि हे रे काय?’ म्हटलं, ‘घाईत जे सापडलं ते घातलं.’ सिर्पा मागे झगा सावरत उभी. हसतेय नुसती.

तीन दिवस राहिलो! नाचलो मी, बुटांत! कधी नव्हे इतका मजेत होतो, कबूल करतो.

पण आता काय झालंय, तुम्हाला सांगतो. आता आमचं गोड झालंय ना! मग इर्मेली दर रविवारी फोन करते. एक तास दहा मिनिटं! गायीला काय झालं, काल्यूच्या गुडघ्याला काय झालं... चार वर्षं घरात काय शांतता होती हो! भांडणाची किंमत ते मिटल्याशिवाय कळत नाही बघा. आणि परवा म्हणते, ‘पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तुमच्याकडे येतोय. गाडी घेऊन. बोटीनं. तीन आठवडे.’

मी काय म्हणणार? म्हटलं, ‘तीनच?’