दहा श्वास अन् दोन तिकिटं

नाही हो भाऊ, पिऊन नाही आलो, श्वास मोजून राह्यलो मी. एक ते दहा. बुलडाण्याच्या डॉक्टरीनबाईनं सांगतलं, राग आला का पहिले दहा श्वास घ्या, मंग बोला. त्याच दहा श्वासायनं मायं वाटोळं केलं, तुमाले सांगतो, नाहीतर या सुलतानपूरच्या फाट्यावर उन्हात लोणारच्या बसची वाट पाहात काऊन बसलो असतो?

मले ते एडीएचडी निघालं. बेचाळीसाव्या वर्षी. मी म्हनलं, बाई, हे तं शाळेतल्या लेकरायले होते, मी तं शाळाच चौथीत सोडली. ते म्हने, "कारभारीभाऊ, तुमच्या डोक्याले एक्सलेटर हाय, ब्रेक नाही. दुसऱ्याले सुई टोचते तेथी तुमाले सब्बल, लोखंडी पहार, लागते. मन घट्ट कराले टाइम लागते. तवरिक दहा श्वास."

आता बायको, पुष्पांजली, शेजारच्या नूरजहांभाभीले काट्याच्या कुपावरून काय म्हने? "भाभी, आमच्या घरी सारं अर्धंच. न्हानी अर्धी, कोठा अर्धा, भिंतीले रंग अर्धा." हासत म्हनलं हो तिनं. खरंही होतं. पन मले सब्बल लागली ना… उचलली बाल्टी आन् देल्ली इहिरीत फेकून. बाल्टी मी गळ टाकून काढली, पन तवरिक तिनं माहेरची बस धरली होती.

तीन महिने झाले. घरात कोनी टोचत नाही, कोनी बोलत नाही. पहिले मी भडकाच्या आंधी पुष्पा मायी बाही धरे, दोन बोटायनं, तेवढ्यानंच मी थंडा. अजूनही दारातून निंघतानी बाही पुढं करतो मी… काय हासता बे? न्हानी पुरी केली म्या. दरवाजा लावला, आतून कडी लावली. कोनाले दाखवू? भाभीले?

म्हनून आज तिले आनाले गेलो लोणारले. आता आमच्या इकडची रीत पाहा. न्यायले आलेल्या जावयानं सोताहून विषय काढाचा नाही. सासरा इचारते, "काय काम काढलं?" मंग म्हनाचं, "धाडता का?" तोवर गुमान बसाचं. मायासारख्या मानसानं. गुमान.

मामाजी, पुंजाजी म्हनून हायेत, त्यायनं पाऊस सांगतला, सोयाबीन सांगतलं, म्हशीच्या पायाचं दुखनं सांगतलं, पुरे दोन घंटे. मी हूं हूं. दाराआड बॅग भरलेली दिसे, तिचा हिरवा पदर दिसे. आन् मंग मामाजी म्हनले, "मंग जावईबापू, काय काम काढलं? तसं तुमाले पुरं करासारखं काम असतेच कोठी म्हना."

लागली सब्बल. पन म्या समोरचं ताट फेकलं नाही. एक… दोन… मामाजी पाह्यतच राह्यले. सातव्याले कान गार झाले. दहाव्याले तं असं हलकं वाटलं भाऊ, असं हलकं, जन्मात नव्हतं वाटलं. मी हासलो आन् म्हनलो, "काही नाही मामाजी, सहजच आलतो." पाया पडलो. निंघालो. रस्त्यानं सोतालेच शाबासकी देल्ली, कारभारी, जितला तू.

बसमंधी गर्दी. सुलतानपूर येईलोक कंडक्टर मायापाशी पोचला. "किती?" मी म्हनलं, "दोन." तो म्हने, "दुसरं कोन?"

मी बाजूले पाह्यलं.

उतरलो तसाच. फोन लावला. तिनं उचलला. मंग म्हने, "मी चप्पल घालून उभी होती." बस, एवढंच. ठेवला. मी ना, शिव्या द्याले तोंड उघडलं होतं सोताले… पन दहा श्वास. आता सवयच झाली मले.

म्हनून म्हनतो, डॉक्टरीनबाईले इचारा लागन, का बाई, राग गेला तं गेला, त्याच्यासंगं काम काऊन नेलं? आन् मायासारख्या अर्धं काम सोडनाऱ्यायले… कोनती बस गेली ते? लालवाली? लोणारची होती? मंग सांगाचं नाही का बे, एवढे बसले हा इथी?

थांबा. काही बोलू नका. एक… दोन…

जाऊ द्या. पायीच जातो. पन या खेपी दारातूनच म्हनतो, "पुष्पा, चाल घरी, न्हानी पुरी झाली." श्वास घ्यायचे ते मंग घेईन.