उंबरावरची भक्ती

आवडी : अवो, देवळाची घंटा व्हायला येळ हाय अजून. सदरा घालून दारात कशापायी उभे ऱ्हायलात?

कुशाबा : चल ना गो लवकर! उशीर झाला तर मागं बसायला लागंल.

आवडी : मागं? लगीन झाल्यापासनं दर आयतवारी भिंतीला टेकून, दाराशी बसनारा मानूस तुमी! पयलं गानं संपायच्या आत घोरता. म्हैपतमास्तर बायबल उघडून उपदेश करतात आन् मी तुमाला कोपर मारीत बसते. बघू कपाळ, ताप हाय काय.

कुशाबा : ताप नाय. बरं वाटतंय. लईच बरं वाटतंय!

आवडी : त्याचंच भ्याव वाटतंय मला. काल पोलादपुरासनं भिजून आलात, पेज प्यालात आन् आडवे झालात. काय झालं, कसं झालं, येक सबूद नाय. आन् आज उठल्यापासनं गुनगुन चाललीय. माजी कोंबडी बिचारी खुराड्यातनं भाईर यायला तयार नाय.

कुशाबा : वाटंत सांगतो गो, चल.

लतीफ : (वल्हं कुडाला टेकवीत) कुशा, हायस का रे घरात? ही घे तुजी पटाशी, वाकस, सगळी हत्यारांची पिशवी. खाली वाळूत रुतलेली घावली.

कुशाबा : लतीफ! ये, ये. मी सोडूनच दिलेली तिची आशा.

आवडी : बसा, लतीफभाई. आता तुमीच सांगा, काल नदीवर काय झालं? ह्यांच्या तोंडून तर गान्याबिगर काय निघत नाय.

लतीफ : म्हंजे भाबीला सांगितलं नायस अजून? अरे खुदा! भाबी, ह्यो काल सावित्रीच्या मधोमध उंबरावर बसलेला.

आवडी : उंबरावर?

कुशाबा : गाडीचं चाक बसवून दिलं पोलादपुरात. मोटार चुकली. म्हनलं, चालत जाऊ, उथळ उतारावरनं नदी वलांडली की जवळ पडतं. इकडं लख्ख ऊन गो! पन वर डोंगरात पाऊस झाला असनार. मी मधी पोचतो न पोचतो, तर गढूळ पान्याचा लोंढाच आला. पिशवी गेली. ते खडकावरचं उंबराचं झाड घावलं म्हनून ऱ्हायलो.

आवडी : आई गो! आन् हे काल 'भिजलो जरा' म्हनत व्हते.

लतीफ : मी नमाज पढून होडीकडं आलो, तर नदीतनं गानं ऐकू आलं. वाटलं, कोन तरी ताडी चढवून बसलाय. बघतो तर उंबराच्या फांदीवर आपला कुशा. पाय पान्यात, तोंड आभाळाकडं, आन् आवाज काय सांगू! रेड्यागत. बाजूच्या कातळावर मगर, जबडा उघडा टाकून. ती बी ऐकत व्हती.

कुशाबा : ती ऐकत नव्हती रे. वाट बघत व्हती.

आवडी : थांबा, थांबा. गानं? तुमाला गानं येतं?

कुशाबा : मला बी तवाच कळलं! आदुगर 'वाचवा, वाचवा' केलं. कोन नाय. मंग देवाला म्हनलं, तू वाचव. लई बोली केली. दर आयतवारी येईन, झोपनार नाय, तंबाखू सोडीन, आवडीवर खेकसनार नाय...

आवडी : तंबाखू काल आल्या आल्या मळलीत.

कुशाबा : आगं ऐक तर! समदी बोली संपली. द्यायला काय उरलंच नाय. पानी घोट्याला लागलं. मंग तोंड आपसूक उघडलं आन् मास्तरांचं ते लांबलचक गानं सुरू झालं. त्येच, ज्याला मी म्हनायचो, ह्ये संपस्तवर भात शिजंल. समदी कडवी येत व्हती! कवा शिकलो मी? तू जात्यावर गातीस, चुलीपुढं गातीस, तवा झोपेतच कानात शिरली असतील.

आवडी : मंग पानी उतरलं?

कुशाबा : कुठलं! चढतच व्हतं. तरी गात व्हतो. आन् मागत काय बी नव्हतो, आवडे. पान्यावर ऊन चमकत व्हतं, काठाला बगळे बसलेले. वाटलं, केवढा हाय ह्यो! आन् ह्याच्या घरात जाऊन मी इतकी वर्सं घोरत व्हतो. मला हसूच आलं. मगरीपुढं खो खो हसलो.

लतीफ : मी तवाच पोचलो. फांदी धरली, म्हनलं, उतर बाबा. तर ह्यो काय म्हनतो, 'थांब लतीफ, येक कडवं ऱ्हायलंय!'

आवडी : आन् तुमी थांबलात?

लतीफ : काय करू, भाबी? रबची तारीफ चाललेली, मधीच कशी तोडू? होडी गरगरतीय, मगर बघतीय. मी आपला मनात म्हनतोय, या अल्ला, कडवं आखूड असू दे!

आवडी : पुरे, पुरे, लतीफभाई! पोट दुखलं हसून. देवानं धाडलं हो तुमाला.

लतीफ : मला तर ह्याच्या बेसूर गळ्यानं बोलावलं. चलतो मी. धक्क्यावर मानसं खोळंबलीत.

आवडी : वाईच पेज तरी घ्या.

लतीफ : परतताना येईन. जा तुमी, घंटा झाली बघा.

कुशाबा : चल, आवडे. आता का थांबलीस? डोळे का पुसतीस?

आवडी : पुरापायी आलेली भक्ती पुरासंगं जाईल, असं वाटलं मला. खरं सांगते.

कुशाबा : उद्याचं मला काय ठावं? पन आज भीतीनं निघालो नाय, बोली फेडायला बी नाय. भूक लागल्यागत झालंय बघ.

आवडी : आन् मी? तुमच्यासाठी देवाकडं मागून मागून थकले, मंग मागायचंच सोडलं. तरी जात व्हते. तोंड गायचं आन् मन घरातल्या भाताला तिखटमीठ लावायचं. तुमी झोपून गैरहजर, मी जागी राहून.

कुशाबा : मंग चल ना गो. दोघं बी आजच पयल्यांदा जाऊ.

आवडी : येवढ्या मोठ्यानं हसू नका, लोक बघतात. हळू चाला.

कुशाबा : देवळात पोचंस्तवर कोन थांबतंय? तू गान्याची वळ धर, मी मागनं म्हनतो. तुजा सूर चांगला.

आवडी : नको. आज तुमी धरा. मी येते मागनं.