गोळीवरचा कोंबडा

गोळ्यांच्या पाकिटावर लावायला स्टिकर निवडणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मलाही वाटलं होतं रे! विसरवाडीच्या दवाखान्यात औषधं मी देतो. वाचता न येणाऱ्यांसाठी सकाळच्या पाकिटावर सूर्य लावला, रात्रीच्यावर चंद्र. डॉक्टरही खूश.

मग बीपीवाली सखूमाय आली. बीपी चढलेलं, रात्रीची एक गोळी तशीच पाकिटात.

"माय, रातनी गोयी का नही लिधी?"

"अमावस व्हती ना भाऊ. चांद निंघनाच नही."

मी कपाळाला हात लावला. "मंग तूच सांग, काय लावू?"

"रातले खाट लाव, सकायले कोंबडा. मन्हा कोंबडा रोज वरडस."

मला पटलं. हौसेनं खाटेचे आणि कोंबड्याचे स्टिकर छापून आणले. पुढच्या खेपेला बीपी पुन्हा वर! रात्रीच्या गोळ्या संपलेल्या, सकाळच्या मात्र शिल्लक.

मी वैतागलो. "आते काय व्हयनं? कोंबडा वरडना नही का?"

सखूमाय माझ्याकडे बघतच राहिली. "कसा वरडी भाऊ? जवाई घर उना व्हता. कोंबडा कापी खादा ना!"